तारे वाळत नाहीत

२ नोव्हें.
मृतांचा दिवस. भावाच्या, पास्कूच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने एकही टिकली नाही. परतताना वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा गावच्या सणाची आतषबाजी आपनच करायची."

भाऊ जाऊन वर्ष झालं. वटारच्या वाडीतली शेड त्याच्यासकट जळाली. गाव म्हणतं, दारूकामात पाण्याऐवजी स्पिरिट वापरलं, हात चुकला. तरी वहिनीला हो म्हणालो. तिला नाही म्हणणं मला जमत नाही.

९ नोव्हें.
चांदीपची भाड्याची शेड. वहिनीने आधीच अर्ज केला होता, परवाना आला एकदाचा. तारे वळायला घेतले. आभाळात फुटून रंग सांडतात ते हेच, हातात गोट्यांएवढे. बांधायला तांदळाची खळ आणि पाणी, बाबांची रीत. सावकाश वाळतात, पण माणसाला झोप लागते.

१५ नोव्हें.
ढग हटत नाहीत. एक तारा फोडून पाहिला. वरून टणक, आत ओला.

वहिनी: "खळ सोडा. पास्कूनं शेवटी स्पिरिट घेतलेलं, तेच आना. लवकर वाळतात."
"आणि त्याचं काय झालं?"
"तेच मला बघायचंय."


१६ नोव्हें.
तिचं म्हणणं एवढंच, पास्कूचा हात चुकला नाही. त्याच्याच पद्धतीने तारे करून, आभाळात उडवून गावाला दाखवायचंय. मी समजूत घालायला गेलो. जावे त्याच्या वंशा, पुन्हा खळ ढवळायला घेतली.

१९ नोव्हें.
शेडमध्ये स्पिरिटचा वास. "वहिनी, आणलंस?"
"नाय. तुम्हालाबी येतो ना? रोज सकाळी येतो. त्याच्या शर्टाला यायचा तसा."
पोती उलटी केली, पत्र्यामागे पाहिलं. बाटली नाही. पास्कूने ही शेड जन्मात पाहिली नव्हती. भीती वाटली. उगाच शहाणपणा नको, वाटली.

२३ नोव्हें.
सणाच्या कमिटीला फोन केला. आमची आतषबाजी नाही, तयार माल मागवा. वहिनीला उद्या सांगेन. रुसेल. जीव राहिला तर रुसवा काढता येतो. आज तारे वळताना ती हसली; वर्षभर तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, तेवढं मात्र...

२४ नोव्हें.
सकाळी गेलो. शेडचं दार लोटलेलं. आत वहिनी बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं "हं" म्हणायची, पुन्हा बोलायची. वास बांधापर्यंत आला होता.

हाक मारली. आतून म्हणाली, "या भावजी. बाहेर कशाला उभे? दोघंबी आत या."

मी एकटाच गेलो होतो. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. आत शिरलो, पण दार लगेच ओढलं नाही. त्याला यायला जरा वेळ दिला.

कमिटीचं तिला अजून सांगितलेलं नाही.