तिसऱ्या बंदरावर गाठतो

१ मार्च

साहेब येत नाहीयेत!

म्हणजे येणारेत, पण आत्ता नाही. मी आणि काकू हॉटेलच्या लॉबीत बॅगांवर टेकलेल्या, खोली अजून मिळायची होती, आणि याचा फोन — "अगं, क्लायंट आडवा आलाय. तुम्ही दोघी जहाजावर चढा. मी तिसऱ्या बंदरावर गाठतो." गाठतो म्हणे! जसं काही बस चुकलीय आणि पुढच्या स्टॉपवर पकडायचीय. उगाच नाही मी त्याला साहेब म्हणत.

काकूंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "येईल गं. माझा मुलगा शब्दाचा पक्का आहे. उशिरा येतो, पण येतो."

गंमत म्हणजे काकू या ट्रिपवर आल्यात कशाला? तर आमच्या दोघांवर लक्ष ठेवायला. आमच्या आईची अट — "लग्नाआधी फिरायला जायचंय ना, मग त्याची आई बरोबर हवी." म्हणून दोन केबिन. बाल्कनीवाली माझी आणि काकूंची. आतली, बिनखिडकीची त्याची. आता लक्ष ठेवणारी हजर आहे आणि ज्याच्यावर ठेवायचं तोच गायब.

परत गेलो की लग्नाची तारीख ठरणार. हॉल बघून झालाय, दोन्ही घरं खूश आहेत. मी "हो" म्हणायचं तेवढं राहिलंय, आणि ते राहिलंय हे कोणाच्या लक्षातही नाही.

२ मार्च

आज दिवसभर हॉटेलातच. पण बंदराच्या गावात आधी येऊन राहायचं, ही माझी सगळ्यात लाडकी टिप आहे! विमान लेट होतं, बॅग हरवते, माणूस आजारी पडतो. जहाज कोणासाठी थांबत नाही. आणि हॉटेल निवडताना पलंगाचे फोटो बघायचे नाहीत. फोन करून विचारायचं — बंदरापर्यंत गाडी सोडता का? खोली सोडल्यावर सामान ठेवू देता का? बास. पलंग काय, सगळीकडे सारखेच.

परत गेल्यावर पेज सुरू करणारे. क्रूझच्या टिप्स, मराठीत, आपल्या लोकांसाठी. साहेबांचं मत — "कर ना, तुझे उद्योग." चिडून नाही म्हणत तो. प्रेमानेच म्हणतो. तरी बोचतं.

सकाळभर त्याच्यासाठी मेलामेली. मधल्याच बंदरावर चढायचं तर कंपनीची आधी लेखी परवानगी लागते. नाहीतर पहिल्या दिवशी जो आला नाही त्याचं तिकीट कटाप. मला हे माहीत होतं म्हणून वाचला. दुपारी परवानगी आली. काकू म्हणाल्या, "तुला एवढं कसं गं माहीत? या आधी कितीदा गेलीयस?"

एकदाही नाही! सगळं व्हिडिओ बघून. त्या इतक्या हसल्या की रिसेप्शनवालीने मान वर केली. तेव्हापासून मला "कॅप्टनबाई" म्हणतायत.

आणि एक ठरवलंय. इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही. तो तिसऱ्या बंदरावर आला तर हो. नाही आला तर नाही. विषय संपला. त्याच्यात वाईट काहीच नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. तक्रार करायला जागा नाही आणि तरी "हो" घशातून वर येत नाही. मग असंच ठरू दे.

३ मार्च

चढलो!!!

जहाज एवढं मोठं की जवळ गेल्यावर जहाज दिसतच नाही, नुसती भिंत. मला रडू आलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, डोळे पूस, पासपोर्टवाल्याला वाटेल मी तुला पळवून नेतेय."

आज कामी आलेल्या टिप्स. मोठ्या बॅगा खाली दिल्या की संध्याकाळपर्यंत दर्शन नाही. म्हणून औषधं, चार्जर आणि पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. सगळी जत्रा वरच्या मजल्यावरच्या बुफेला पळते. आपण खालच्या डायनिंग हॉलमध्ये जायचं, पहिल्या दिवशी तोही उघडा असतो आणि फुकटच असतो. पांढरा टेबलक्लॉथ, बसल्या जागी वाढतात. काकूंनी वेटरला तीनदा विचारलं, "नक्की फुकट ना?"

शेजारच्या टेबलावर एक बाई, गळ्यात सोनेरी कार्ड. त्या जहाजावरच राहतात म्हटलं तरी चालेल इतक्या वेळा आल्यात. वेगळी रांग, रोज फुकट कॉफी, कपडे धुऊन मिळतात. आम्ही त्यांचं नाव गोल्डबाई ठेवलं. काकू हळूच — "कपडे धुऊन मिळायला इतकी वर्षं पैसे भरायचे? घरी मशीन आहे की."

साहेबांच्या केबिनमध्ये डोकावलो. उशीवर स्वागताचं कार्ड आणि चॉकलेट. काकूंनी चॉकलेट उचललं, अर्धं मला दिलं. "त्याला गोड चालत नाही," म्हणाल्या. चालतं त्याला. मला माहितीय. त्यांनाही माहितीय.

४ मार्च

बोट लागली. मलाच. कॅप्टनबाईंना!

जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर केबिन घ्या म्हणजे हलत नाही — हे मीच सगळ्यांना सांगते. घेतलीय तशीच. तरी सकाळपासून आडवी. काकू ठणठणीत. हिरवं सफरचंद कापून आणलं, गोळी दिली, बाल्कनीत खुर्ची ओढून बसवलं. "पाण्याकडे बघू नकोस. लांब बघ."

तिथे बसून बोलल्या बऱ्याच. बस डेपोच्या चौकशी खिडकीवर नोकरी केली त्यांनी, रिटायर होईपर्यंत. कुठली गाडी कुठे जाते, कुठे बदलायची, सगळं तोंडपाठ. "लोक यायचे, विचारायचे, जायचे. मी तिथेच. घरी ह्याचे बाबा म्हणायचे, या सुट्टीत जाऊ. चांगले होते गं. फक्त दर सुट्टीत पुढच्या सुट्टीत जाऊ म्हणायचे."

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला कधी?"

"यायचा. पण चांगल्या माणसावर चिडायचं तरी किती वेळ? थकायला होतं."

५ मार्च

पहिलं बंदर. बरी झाले. पोटभर जेवले. पाय मात्र भयंकर दुखतायत!

६ मार्च

कालचं लिहायचं राहिलं. बंदरावर उतरायच्या आधी नकाशा बघायचा — गाव चालत जाण्याएवढं जवळ असेल तर जहाजाची टूर कशाला? आम्ही चालत गेलो. टूरवाले बसमध्ये माणसं मोजत बसले होते तोवर आम्ही चढ चढून वर, दगडी जिन्यावर, खाली सगळी छपरं. पण एक — गाव लांब असेल, तासभर गाडीचा रस्ता असेल, तर मात्र जहाजाचीच टूर घ्यावी. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो असू तर टाटा.

आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं, फोन स्वतःहून वेळ बदलतो. मी फोनवर विसंबले होते. काकूंचं मनगटावरचं चावीचं घड्याळ बरोबर. "कॅप्टनबाई, पळा!" आम्ही दोघी धक्क्यावरून पळालो. वरच्या कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. गोल्डबाईसुद्धा. काकूंनी पळता पळता त्यांना हात केला!

७ मार्च

आज समुद्रात. बंदर नाही.

काकू पाण्यात उतरल्या. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला हवं. जहाजावरच्या दुकानात बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहायचा ड्रेस मिळाला. अर्धा तास ट्रायलरूममधून बाहेरच येईनात. "मी अशी दिसते?" "कशी?" "अशी." मग आल्या, टॉवेल गुंडाळून, थेट गरम पाण्याच्या कुंडात, गळ्यापर्यंत. डोळे मिटले. मग डोळे न उघडताच — "घरी सांगू नकोस."

टिप — बंदराच्या दिवशी सगळे खाली उतरतात, तेव्हा पूल रिकामा असतो आणि मसाज स्वस्त. समुद्राच्या दिवशी तोबा गर्दी. आम्ही उलटं केलं, पण करायला मजा आली.

८ मार्च

दुसरं बंदर. पिवळ्या भिंती, निळी दारं, मांजरंच मांजरं. जहाजावरचं इंटरनेट महाग, म्हणून धक्क्याजवळच्या कॅफेत जायचं, जहाजाचे कामगार जातात तिथे. हमखास फुकट आणि फास्ट. आमचा केबिनवाला दादा तिथे आईशी व्हिडिओवर बोलत होता, आम्हालाही तिला दाखवलं.

ताईला पळण्याचा किस्सा पाठवला. आईला जिन्यावरचा फोटो. मैत्रिणींना मांजरं.

परत चढल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणतोय?" कोण, असं विचारणार होते. थोडक्यात वाचले. म्हटलं, "कामात आहे."

त्याला मेसेज करायचाच राहिला. त्याचाच आला होता, मी बघितला नव्हता — "सुट्टी मंजूर. तिकीट काढलं. भेटू."

चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.

९ मार्च

उद्या तिसरं बंदर. पण वारा सुटलाय. कॅप्टन, खरे कॅप्टन, स्पीकरवर म्हणाले की बंदराचं तोंड अरुंद आहे, वारा असाच राहिला तर आत शिरता येणार नाही, मग बंदर सोडून पुढे जावं लागेल. सकाळी ठरवू.

गोल्डबाई म्हणाल्या, "मी जहाजावर असताना दोनदा सोडलंय हे बंदर." टिप — जहाजाची टूर असेल तर पैसे परत मिळतात. बाहेरची बुक केली असेल तर आधीच विचारून ठेवा.

काकू म्हणाल्या, "म्हणजे हा बिचारा धक्क्यावर बॅग घेऊन उभा, आणि आपण समोरून जाणार?" आणि टाटा करून दाखवला, राणीसारखा. मी हसायला लागले. त्याही हसल्या. मग त्या थांबल्या. मी नाही थांबले. माझं चालूच.

त्या बघत होत्या माझ्याकडे. मग प्लेट उचलून गोड आणायला गेल्या.

बंदरच झालं नाही तर माझ्या अटीचं काय? तो आला पण जहाज नाही आलं, तर ते "हो" की "नाही"? आधी विचार करायला हवा होता. कोणाचीच चूक नसेल. म्हणजे कोणाला दुखवायलाही नको.

जेवणानंतर दोनदा डेकवर जाऊन आले. वारा मस्त आहे. झेंडे नुसते फडफडतायत.

१० मार्च, सकाळ

वारा पडला.

पडदा उघडला तर समोर धक्का. क्रेन, गोदामं, एक माणूस दोर गुंडाळतोय. मी पडदा परत ओढून घेतला.

काकू केस विंचरत होत्या. "जायचं ना खाली?" "हो. आवरते." आवरायला इतका वेळ कधीच लावला नसेल मी. बाल्कनी पुसली. रिकाम्या बाटल्या लावून ठेवल्या. टिप — मधून चढणाऱ्या माणसाला आणायला गेलात तर धक्क्याच्या फाटकाशी थांबा. आत परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तपासणीला वेळ लागतो.

काकू दाराशी उभ्या आहेत. "कॅप्टनबाई, नंतर लिहा."

१० मार्च, फाटकाजवळच्या बाकावर

आला. आमच्याही आधी येऊन थांबला होता. हातात माझी उन्हाची टोपी — मी घरी विसरले होते, आईकडे जाऊन घेऊन आला. आता आत कागद तपासतायत त्याचे. काचेतून हात करतोय.

अटीप्रमाणे "हो". आणि मी इतके दिवस कशाची वाट बघत होते ते आत्ता कळलं. तो न येण्याची.

काकू शेजारी बसल्यात. "बघ, आला की नाही" असं म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तू सांगतेस त्याला, की मी सांगू?"