गोगलगाय वर जाईना

तीर्थरूप वन्संना,

वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (त्याहून जास्त वाकले तर उठवायला माणूस लागतं, आणि आत्ता घरात मी एकटीच आहे.) तुमचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी शेकायला सांगितलंय ते शेकता ना, की त्यांनाच चार गोष्टी सुनावून परत आलात? इकडे सगळे बरे. माझे गुडघे होते तसेच आहेत, पण सध्या मी इतकी आनंदात आहे की त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवडच होत नाही. पत्र लांबणार आहे. आधी चहा करून घ्या आणि मगच वाचायला बसा.

तर आपली नात. दिवसभर ती छापखान्यात खोक्यांवरची लेबलं आखते, हे तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी घरी आली की कंप्युटरवर खेळ करते. खेळते नव्हे, करते. म्हणजे आपण स्वेटर विणतो ना, तसा ती खेळ विणते. (मला आधी वाटायचं हे खेळ कारखान्यात होतात.) हे खेळ कुठून आणून ठेवावे लागत नाहीत, ब्राउझर म्हणून एक खिडकी असते, ती उघडली की तिथल्या तिथे खेळायचं. तिच्यासारखी पुष्कळ माणसं जगभर आपापल्या खोलीत एकेकटी बसून असले छोटे खेळ करतात आणि सगळे मिळून एका ठिकाणी मांडतात. कुणीही यावं, खेळावं, आणि कसं वाटलं ते खाली लिहावं. त्या लिहिण्याला फीडबॅक म्हणतात. नातीने मोठ्या हौसेने आपला खेळ मांडला आणि खाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. कामावरून आली की चपला काढायच्या आधी बघायची. मग चपला काढून बघायला लागली. मग बघायचंच सोडलं. आणि एकदा जेवताना म्हणाली, महिनाअखेर काढून टाकते आजी, आणि पुन्हा खेळ करायचे नाहीत. वन्सं, असा आवाज मी या घरात एकदाच ऐकला होता, ह्यांनी बासरी माळ्यावर टाकली तेव्हा. (कुणीतरी हसलं, एवढंच निमित्त. मग जन्मात हात लावला नाही. हे गेले, ती अजून तिथेच आहे.)

मी म्हटलं, मी खेळते की! सुट्टीच्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली आणि मागे उभी राहिली. खेळात एक गोगलगाय आहे. तिच्या पाठीवर तिचं घर, आणि समोर डोंगर. वाटेत सामान पडलेलं असतं, ते उचलून घरात ठेवता येतं. पण जितकं सामान जास्त तितकी ती हळू, आणि चढ लागला की काहीतरी खाली टाकल्याशिवाय हलतच नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगायचं नसतं म्हणे. खेळणाऱ्याला आपलं आपण उमगलं पाहिजे, नाहीतर खेळ करणाऱ्याची चूक.) मी आपली दिसेल ते उचलत गेले. घड्याळ, खुर्ची, पुन्हा एक घड्याळ, मोडकी छत्री, एकच बूट (दुसरा पुढे सापडेल या आशेने), आणि एक बासरी. दुपार सरली तरी माझी गोगलगाय पायथ्याशी, आणि नात मागे नखं कुरतडतेय. शेवटी तिने विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, छान! तर म्हणते, आजी, छान म्हणायचं नाही. छान म्हटलं की मला काहीच कळत नाही. आता सांगा, जन्मभर मी छान म्हणत आले. कडू औषधाला छान म्हटलं, दात काढणाऱ्यालाही छान म्हटलं. हा एक शब्द काढून घेतल्यावर माझ्याजवळ राहतं काय?

पण तिने मला त्या ठिकाणी खातं उघडून दिलं. नाव ठेवलं आजीबाई. सावकाश विचार कर आणि सुचेल ते लिही, म्हणाली आणि कामावर गेली. मी आपली गोगलगाय शोधायला गेले, कुठेतरी भलतीकडे बोट पडलं आणि पोचले कुणा परक्याच्या बेडकापाशी. तो बेडूक ढगावरून ढगावर उड्या मारतो. आता कुणाच्या दारात जाऊन एक शब्द न बोलता माघारी यायचं, हे आपल्या घरात कधी झालंय का? मी लिहिलं, चिरंजीवास आशीर्वाद, प्रकृती कशी आहे? तुमचा बेडूक गुणी आहे, पण त्याला मध्ये कुठे बसायला जागा नाही. माझे गुडघे दुखतात, त्याचेही दुखत असतील. पुढच्या दारात एक टपालवाला अंधारात पत्रं वाटत होता आणि बरोबर कुत्रा. त्याला लिहिलं, तुमचा टपालवाला घरोघर थांबतो, पण कुत्र्याला कुणी पाणी विचारत नाही, हे मला रुचलं नाही. असं करत करत दुपारभर मी आख्खी आळी फिरून आले. (छान एकदाही लिहिलं नाही हं. दोनदा बोटावर आलं होतं.)

नातीने घरी येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आजी, तू सगळ्या जगाला पत्रं लिहिलीस! तेही आपल्या भाषेत! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! मी म्हटलं, अगं, तोंड कोण बघतंय, नाव तर आजीबाई आहे. ती रागावून न जेवताच आत गेली आणि मला फार वाईट वाटलं. आधीच ती सोडायच्या विचारात, त्यात मी तिला लाजवलं.

पण वन्सं, माणसं चांगली असतात हो. तिथे एक कळ दाबली की कुठलीही भाषा आपली होते, आणि आपली त्यांची. बेडूकवाल्याने ढगांमध्ये एक रुंद पान ठेवलं आणि मला कळवलं की आता तो तिथे टेकतो. टपालवाल्या खेळाची एक बाई आहे, तिथलं तिचं नाव तीन पायांचं टेबल. तिने दारोदार पाण्याची वाटी ठेवली आणि लिहिलं की माझ्या खेळाबद्दल आजवर कुणी काही बोललंच नव्हतं, तुमचं वाचून मी पुन्हा कामाला बसले. मग हे लोक आजीबाईचं घर कुठे म्हणून शोधत शोधत (प्रत्येक पत्राखाली मी गोगलगायवालीची आजी अशी सही केली होती ना) आपल्या गोगलगायीपाशी आले! टेबलबाईंनी तर भलं मोठं लिहिलं. तिसऱ्या चढावर गोगलगाय दगडात अडकते, पावसाचा आवाज कानठळ्या बसवतो, सामान टाकता येतं हे लवकर कळत नाही, शेवटच्या वळणावर रंग मळकट आहे. वाचून माझं डोकंच तापलं. पोरीच्या मेहनतीला एवढी नावं ठेवायची? मी उत्तर द्यायला सरसावले, तर नात खोलीभर नाचतेय! आजी, तिला शेवटचं वळण दिसलं, म्हणजे ती शेवटपर्यंत गेली! आता नात रोज संध्याकाळी तिसऱ्या चढावरचा दगड घासत बसते. खेळ काढून टाकायचं नावही नाही.

आणि मला एकदम तुमची आठवण आली. लग्नानंतर मी तुमच्यासाठी तो निळा स्वेटर विणला होता. घरातल्या सगळ्यांनी घडीवरूनच हात फिरवला आणि छान म्हटलं. तुम्ही एकट्यांनी उलगडला, अंगात घातला आणि म्हणालात, डावी बाही लांब आहे. मी किती दिवस धुसफुसत होते, काय सांगू. (माझ्या माहेरी सगळ्यांना सांगितलं होतं. आता तेही सांगून टाकते.) पण घालून बघितला तो तुम्हीच. आणि ती बाही दुमडून दुमडून स्वेटर विरेपर्यंत वापरलात. हे मला आत्ता, या वयात, एका गोगलगायीमुळे कळलं. तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. खांद्याला जपा.

बाही लांब विणणारी,
तुमची भावजय

ता.क. पत्र नातीला वाचून दाखवलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, छान. मी म्हटलं, म्हणजे तू ऐकलं नाहीस, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

आणखी ता.क. खरं काम राहिलंच. गोगलगाय डोंगरावर पोचल्यावर काय होतं ते बघून सगळे आपापल्या घरी फोन लावतात म्हणे. टेबलबाईंनीही लावला. नात म्हणते, आजी, वरचं तुझ्यासाठीच केलंय, पण सांगायची नाही, तू जाऊन बघ. आणि माझ्याच्याने काही टाकवत नाही हो! बुटाचा जोड अजून सापडायचाय. तुमचा हात टाकण्यात सढळ. (मागच्या खेपेला माझे रिकामे डबे अर्ध्या तासात काढलेत.) तेव्हा या, चार दिवस राहायला या. फळीवरून बोट फिरवलंत तरी चालेल, मी धूळ मुद्दाम ठेवते. शेजारी बसा आणि तुम्ही सामान टाका, मी डोळे मिटून घेईन, हूं की चूं करणार नाही. तुमच्या भावाची बासरी तेवढी राहू द्या. आणि ती मोडकी छत्रीही. वर पाऊस असला तर?