छपरावरचं पॅनेल

उगुंजा, १२ मार्च

अविनोच्या बाबांना नमस्कार.

आम्ही सगळ्या बऱ्या आहोत. पेरणी उरकली. आईंचा गुडघा आता दुखत नाही. सोमवारी तर त्या भावजींच्या घरापर्यंत पळतच गेल्या. का, ते सांगते.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र नैरोबीच्या बसवाल्याच्या हाती देतेय.

अंडी उबवायच्या यंत्रातून पिल्लं निघाली. पिल्लांना गिऱ्हाईक आधीच ठरलंय, तेव्हा अविनोचं हायस्कूल पक्कं झालं. पोरगी नुसती नाचतेय.

सोमवारी वादळात आंब्याची फांदी मोडून छपरावरच्या सोलर पॅनेलवर पडली. यंत्राचा दिवा लाल झाला. अंड्यांना आतून चोची लागायला सुरुवात झाली होती हो! मावतील तेवढी खुडूक कोंबडीखाली सरकवली. खालून बांबूने फांदी ढोसली, ती हलेना. मग ओचोलाभावजींना हाक मारली.

"वहिनी, दादा जिवंत आहे ना?" ते म्हणाले. "भाऊ मेला की त्याचं छप्पर आणि बायको धाकट्याकडे येते. जिवंत भावाच्या छपरावर मी चढलो, तर गाव म्हणेल, याला दादाच्या मरणाची घाई झालीय. वर वहिनीवरही डोळा आहे."

"मग मी चढते."

"बाई छपरावर चढली की नवरा दगावतो. एवढंही ठाऊक नाही?"

"म्हणजे आमच्या छपरावर फक्त कबुतरांनी चढायचं!" मी म्हणाले. आई अंगणातून ओरडल्या, "मुलगा दिला असतास तर ही वेळ आली नसती."

पॅनेल अंगणात खांबावर लावा, असं मी तेव्हाच म्हणत होते. रस्त्यावरून चारचौघांना दिसायला हवं, हा हट्ट तुमचा.

भावजी घरी निघून गेले. मी चढले. हिला खाली उतरव, असं त्यांना सांगायला आई भावजींच्या घराकडे धावल्या त्या तेव्हाच. आता बकरा कापून शुद्धी होईपर्यंत मला घरात पाऊल टाकू देत नाहीत. मी चुलीच्या खोपटात पिल्लांजवळ निजते.

असल्या गोष्टींना हसण्याइतकी धीट मी नाही. तुम्ही इमारतीच्या परांचीवर काम करता. मी फांदी ढकलत होते आणि दर वेळी वाटायचं, तिकडे तुमचा पाय घसरतोय. तरीही ढकलली. अविनोसाठी ढकलली. खाली उतरल्याबरोबर तुम्हाला फोन केला. नुसती घंटी वाजत राहिली. मंगळवारपासून तीही वाजत नाही.

आई सगळ्यांना सांगतात, "रागावलाय तो हिच्यावर." मीही तेच धरून बसले होते. काल चुलीपाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "तुला तरी लागला का गं त्याचा फोन?"

रागावला असाल तर खुशाल रागवा. बकरा कापायला लावा, माहेरी धाडा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पॅनेलही तुम्ही म्हणाल तिथे राहू दे. फक्त एकदा फोन करा. शिव्या द्यायला करा.

तुमच्या शिव्यांची वाट पाहणारी,
अविनोची आई