शनिवार रंजिताचा

काल्हेर, भिवंडी
सोमवार, २० ऑक्टोबर २०२५

प्रिय नफ्तालीदादा,

शालोम. तू, वहिनी, पोरं मजेत असाल. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. आणि आज मला खूप बोलायचंय!

तू म्हणाला होतास, "शुली, शब्बाथ की गोदाम, एक काय ते निवड. नाहीतर इकडे इस्रायलला निघून ये." कंपनी रंजिताच्या नि माझ्या गोदामाला पॅकिंगचं काम द्यायला तयार होती, पण दार सातही दिवस उघडं हवं. शनिवारी शब्बाथला बंद म्हटलं की काम गेलं, काम गेलं की गोदामही गेलं. पण गप्प बसणारी मी आहे का?

तुमच्या अश्दोदच्या रब्बींना मी परस्पर फोन लावला. (वहिनीवर रागावू नकोस, नंबर मीच मागितला.) ते म्हणाले, "भागीदार आपल्या धर्माची नाही ना? मग शनिवारचं काम तिचं, नफाही तिचाच. रविवारचं दोन्ही तुझं. बाकीचे दिवस निम्मे निम्मे." मी टाळ्याच पिटणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ही अट भागीदारी सुरू व्हायच्या आधी ठरली होती ना?"

झाली का पंचाईत! रंजिता आणि मी तर श्रावणातच नारळ फोडून, पेढे वाटून मोकळ्या झालो होतो. जागा तिची, कामाची माहिती माझी, एवढंच ठरलेलं. रब्बी म्हणाले, "मग मोडा, आणि अट घालून नव्याने मांडा."

रंजिताचे वडील केसरीनाथकाका उडालेच. "भांडण न्हाय, तंटा न्हाय, मग मोडता कशाला?" वकील म्हणाला, काडीमोड घेऊन त्याच नवऱ्याशी लग्न लावणारी बाई पहिल्यांदाच बघतोय. रंजिताने मात्र दोन्ही कागदांवर सही ठोकली. "तुज्या देवाचा नियम हाय ना? मग नियमानंच करू."

परवाच्या शनिवारी नेमकी धनत्रयोदशी! ट्रकांची रांग मानकोलीच्या बाजूला कुठवर गेली होती देव जाणे. मी घरी, फोन बंद, आणि जीव सगळा गोदामात. संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला आणि रंजिता धापा टाकत दारात. कंपनीचा साहेब आला होता म्हणे. वर्षभराच्या करारावर दोघींची सही आत्ताच हवी, शुलामितबाईंना बोलवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.

ही काय म्हणाली असेल? "आज तिचं हितं काय न्हाय. आज मी एकटीच मालकीण हाय. तिची सही पायजे तर उद्या या."

गेलं काम, म्हटलं. आणि दादा, रविवारी तो आला! आपल्या पायांनी आला, वर चहाही मागून प्याला. वर्षाचं काम पक्कं झालं.

आपले पूर्वज शनवार तेली. त्यांनी घाणा बंद ठेवून शब्बाथ पाळला, मी गोदाम उघडं ठेवून पाळला. सांग तुझ्या मित्रांना!

आता जे सांगायला एवढं पाल्हाळ लावलं ते सांगते. तिकडे माझ्यासाठी धरून ठेवलेली खोली सोडून दे. तुझी आठवण येते, दादा, फार येते, काल सही करतानाही डोळे भरून आले. पण मी येणार नाही. काम मिळावं म्हणून बोललेला नवस फेडायचाय, मलिद्याचं ताट मांडायचंय, त्याला तूच ये.

इथेच राहणारी,
तुझी शुली