दाराशी थांबवलेला चहा

आत्याबाई, चहा उकळला तरी लगेच बाहेर न्यायचा न्हाई, हे तुमी मला शिकवलं. तुमी बाईच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या, पण बैठक व्हायची आपल्याच ओसरीवर, मामंजींच्या समोर, आणि तुमी चुलीपाशी. मी नवी सून. कपबशा भरून उठले की तुमी माझा पदर धरून दाराच्या आतच थांबवायच्या. "थांब जरा. चहा गेला की माणसं बोलायची थांबतात. काय ठरतंय ते आधी ऐकू दे." चहावर साय धरायची, कुणाच्या गल्लीत बोअर घ्यायचा ते बाहेर ठरायचं, मग तुमी पदर सोडायच्या. एकदा मी दारातूनच बोलले, बोअर सरपंचाच्या गोठ्यात काहून, आमी बायांनी पाण्याला गोठ्यात शिरायचं का? माणसं गेल्यावर तुमी माझ्या हातातलं फडकं हिसकून घेतलं. "ऐकायचं असतं. ऐकलेलं दाखवायचं नसतं. आता बैठक दुसरीकडं घेतील." आणि घेतली. ओसरी तेव्हापासून रिकामी, आणि तुमी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या न्हाईत.

मी जिल्हा परिषदेत निवडून आले, आत्याबाई. जागा बाईचीच होती, पण मी अंगठा लावत न्हाई, चौथीपर्यंतची का होईना सही आहे. तुमचं लेकरू म्हणालं, मी शेत बघतो, तुझं तू बघ. परवा हिंगोलीला आमच्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर बैठक होती. कोणत्या सदस्यानं कोणत्या समितीत जायचं ते पक्ष ठरवणार, अन् दुसऱ्या दिवशी सभेत नावं वाचणार. पुढाऱ्यानं दारातच विचारलं, ताई, तुमच्याकडून कोण आलंय? मी म्हणाले, मीच आले. तो हसला, आत वहिनी आहेत म्हणाला. आत बघते तर निवडून आलेल्या सगळ्या बाया पलंगावर दाटीनं बसल्या, अन् हॉलमध्ये खुर्च्यांवर त्यांचे नवरे. मला पाहिजे होती पाण्याची समिती. आपल्या गावात टाकी उभी आहे, पाईप गाडलेत, दारोदारी तोट्या बसवल्यात, पण थेंब न्हाई. ज्या सदस्याच्या मेव्हण्यानं ते काम केलं तोच त्या समितीत जाणार, असं कानावर होतं. मग ते काम तपासणार कोण? हॉलमध्ये शिरायचं कसं ते सुचेना. तेवढ्यात वहिनींनी चहा ओतला, अन् मी ट्रे उचलला. त्या म्हणाल्या, अहो तुमी काहून, कामाला बाई आहे की. मी म्हणाले, सवय आहे मला.

पडद्याच्या अलीकडं मी उभी आहे. हात भरून आलेत, कपबशा वाजतील म्हणून श्वास धरून राहिले. पलीकडं हॉलमध्ये पुढारी नावं सांगून राहिला. माझं नाव महिला-बालकल्याणात. ताई अंगणवाडीचा खाऊ वाटतील, असं कुणीतरी म्हणतो, सगळे हसतात. पाणी त्या मेव्हणेवाल्याकडं. एकजण दबकत विचारतो, ताईंना एकदा विचारायचं का? पुढारी म्हणतो, "कुणाला विचारता? त्यांच्याकडून कुणी आलंच न्हाई."

माझा पदर धरायला मागं कुणी नव्हतं. मी हॉलमध्ये गेले. बराबर तुमी म्हणायच्या तसं झालं, सगळे बोलायचे थांबले. सगळ्यांना चहा दिला. एक खुर्ची रिकामी होती, माझ्या माणसासाठी ठेवलेली. मी तिच्यावर बसले अन् म्हणाले, "माझं नाव पाण्याच्या समितीत घाला. न्हाईतर उद्या सभेत मी माझा वेगळा फॉर्म भरते, होऊ द्या मतदान." आमच्या पक्षाचा एकच सदस्य जास्तीचा आहे, मी फिरले तर बहुमत जातं, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक. मेव्हणेवाला म्हणाला, ताई, पाण्यातलं तुमाला काय कळतंय? मी म्हणाले, डोक्यावरून आणायचं कळतं, तुमी कधी आणलं का? एका बाईच्या नवऱ्यानं गोड आवाजात पुढच्या तिकिटाची आठवण करून दिली. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. पुढाऱ्यानं बशीत चहा ओतला, सगळा पिला, बशी खाली ठेवली. लय वेळ लावला त्यानं. मग म्हणाला, बघू.

काल सभेत माझं नाव पाण्याच्या समितीत वाचलं. त्या मेव्हणेवाल्याचंही वाचलं, आमी दोघं एकाच टेबलाला बसणार. सकाळी न्यायला पक्षाची गाडी आली होती, सोडायला आली न्हाई. एसटीनं वसमतला उतरले, तिथून मिळेल त्या जीपनं घरी. पुढची बैठक दुसऱ्या कुणाच्या बंगल्यावर होईल अन् मला कुणी कळवणार न्हाई. हे तुमी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी बोलले.

तुमी तर गेल्या, हा कागद कुठं पाठवू? राहील धान्याच्या कोठीमागं. पण गावात आता सगळे म्हणून राहिलेत, बाई पुढाऱ्यासमोर खुर्चीवर ठाण मांडून बसली. तुमाला खरं सांगते. सगळा वेळ तो रिकामा ट्रे मी मांडीवर धरून होते. समोर टेबल होतं, ठेवायला जागाही होती. पण कुणी ऊठ म्हणालं असतं, तर कपबशा गोळा करायला उठले असं दाखवता आलं असतं.