पिवळे पडदे

प्रिय ताई,

बाळ आता दूध ओढायला लागलंय. मघाशी निळ्या दिव्याखालून काढून तुझ्या लेकीजवळ दिलं, तर अर्धा तास सोडायला तयार नव्हतं. बाजूला केलं तेव्हा असं ठणाणा रडलं की पलीकडची बाळंतीण दचकून उठली. सकाळच्या तपासणीत कावीळ बरीच उतरली आहे. दिवा अजून एक दिवस राहील आणि डोळ्यांवरची पट्टीही. ती बघून घाबरू नकोस, उजेडापासून डोळे जपायला असते ती. तू घरी जाऊन पडलीस ते बरं केलंस. दोन रात्री बाकावर काढल्यास.

परवा तुझी लेक फोनवर कौतुकानं सांगत होती, मावशी, बाळ फार गुणी आहे, चार दिवसांचं झालं पण रडत म्हणून नाही, पाजायलासुद्धा उठवावं लागतं. माझा चहा तिथेच राहिला. तशीच निघाले. घरी पोचल्या पोचल्या बाळाला खिडकीशी नेलं, छातीवर बोट दाबून उचललं, मग पोटावर, मग मांडीवर. जिथे दाबावं तिथे पिवळं. जावई म्हणाला, उद्या सकाळपर्यंत बघू. मी म्हटलं, गाडी काढ. नंतर तू वॉर्डात दिसेल त्याला सांगत सुटलीस, सव्वीस वर्षं तान्ह्या बाळांत काढलीत माझ्या बहिणीनं, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मला तिथे उभं राहवेना.

ही तुझी लेक तीन दिवसांची होती, तेव्हा तिच्या अंगावर लाल चट्टे उठले होते, आठवतं? मी नुकती नर्स झालेले. भरल्या ताटावरून सगळ्यांना उठवलं आणि दवाखान्यात पळवलं. डॉक्टर हसले. कोवळ्या कातडीला असं होतंच, आपोआप जाईल म्हणाले. त्या दिवसापासून भाऊजींनी माझं नाव भोंगा ठेवलं. पोरीला उचकी लागली की बोलवा भोंग्याला, तळव्यांची सालं निघाली की आता वाजतोय बघा. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण ताई, मनाला फार लागायचं ते.

दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याच्या खोलीला तू स्वतः शिवून ते पिवळेधमक पडदे लावलेस. त्या उजेडात सगळेच पिवळे दिसायचे, भाऊजीसुद्धा. सातव्या दिवशी तो काविळीनं गेला. तू कात्री घेऊन ते पडदे उभे फाडलेस, आणि तेव्हापासून तुझ्या घरात पिवळा रुमालसुद्धा आला नाही.

काल वॉर्डाबाहेर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मी ते पडदे लावले नसते, तर तुला तेव्हाही दिसलं असतं गं." मला दिसलं होतं, ताई. चौथ्या दिवशी मी आले तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. मी त्याला उचलून गॅलरीत नेलं, स्वच्छ उजेडात. छातीवर बोट दाबलं, पोटावर दाबलं. पिवळं होतं. हलवलं तरी त्यानं डोळे धड उघडले नाहीत. एवढ्यात दारातून भाऊजींनी विचारलं, काय, वाजणार का आज भोंगा? मी म्हटलं, "छे हो, छान आहे की." तू बाहेर आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन दाखव म्हणाले आणि निघाले. उद्या येऊन बघू असं ठरवलं होतं. ड्युटी लागली, दोन दिवस फिरकले नाही. भाऊजी थट्टाच करत होते, गप्प मी बसले. चोवीस वर्षं तू त्या पडद्यांचं ओझं उरावर घेऊन जगलीस आणि मी तुला तसंच जगू दिलं. तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून हे बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांत ठेवते आहे. बाळ घरी जाईपर्यंत मी इथेच आहे, त्याच्यावरची नजर हलवणार नाही. पुढे तुझ्या दारात यायचं की नाही, ते तू सांगशील तसं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
धाकटी