जास्तीचा सव्वा ग्रॅम

१२ मार्च
चोर! मला चोर ठरवलं! प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, अख्ख्या वर्गादेखत!

दहा ग्रॅम सायक्लोहेक्झॅनॉल, त्यात फॉस्फोरिक ॲसिड, खाली मंद आच. ॲसिडमुळे अल्कोहोलमधलं पाणी सुटतं, सायक्लोहेक्झीन तयार होऊन थेंबथेंब पलीकडे गळतं. थर्मामीटरवरून नजर हलवली नाही मी. मीठपाण्यानं धुतलं, कॅल्शियम क्लोराइड घालून सुकवलं, गाळलं. वजन भरलं साडेनऊ ग्रॅम.

सर हसले. "पोरी, थेंबही वाया गेला नाही तरी सव्वाआठच्या वर जात नाही. बाकीचं कुठून आणलंस? कपाटातल्या तयार बाटलीतून?"

म्हटलं, पाणी राहिलं असेल.

"पाणी असतं तर गढूळ दिसलं असतं. हे काचेसारखं आहे."

शून्य दिलं. लाल शाईनं!

१३ मार्च
प्राचार्य म्हणतात, माफी लिहून दे, विषय मिटवू. न केलेल्या चोरीची माफी? मेले तरी नाही! सर तिथंच बसले होते. मी त्यांना तोंडावर खोटारडे म्हणाले.

घरी आई म्हणाली, "बरं केलंस. कर नाही त्याला डर कशाला?"

१४ मार्च
सगळ्यात जास्त संताप बबडीचा आलाय. सख्खी मावसबहीण, राहते आमच्याकडे, परीक्षेत शेजारच्याच टेबलाला होती! साक्ष द्यायची सोडून म्हणते, "ताई, सोड ना. लिहून दे दोन ओळी." हिच्या जिभेला काही हाड? जेवताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१५ मार्च
उद्या चौकशी. आईनं रजा टाकलीय. आता बघाच म्हणावं सरांना!

१६ मार्च
सकाळी दात घासता घासता बबडी रडायलाच लागली. मी वजनासाठी कोरडी बाटली आणायला गेले होते, तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून माझा फ्लास्क कलंडला. "घाबरले गं ताई. कपाटातलं ओतलं. किती सांडलं तेच कळेना — जास्त पडलं."

म्हणजे सर खरं बोलत होते.

आई दारात उभी राहून घाई करतेय. बबडीला म्हटलं, चप्पल घाल.